धाडसी वैमानिक अ‍ॅमी जॉन्सन



या वेळी गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर व्यक्तीची माहिती लिहायला सांगितली. कोणी शिवाजी महाराज घेतले, कोणी सावित्रीबाई फुले घेतल्या, कोणी साने गुरुजी घेतले. मी अ‍ॅमी जॉन्सन घेतली. ती इंग्लंडमध्ये होऊन गेली. १९३० साली ती लंडनहून ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरापर्यंत एकटी विमान चालवत गेली. लंडनहून ऑस्ट्रेलियाला एकटी विमान चालवत जाणारी ती जगातली पहिली बाई. मोठ्या माणसांना अहो-जाहो करावं हे मला माहीत आहे. पण तिची माहिती वाचताना ती मला माझ्या ताईसारखीच वाटायला लागली, म्हणून मी तिला ती असंच म्हणणार आहे.

आधी अंतर बघू

लंडन कुठे आणि डार्विन कुठे हे आधी कळलं पाहिजे. मी शाळेतला पृथ्वीचा गोल घेतला. लंडन वर डाव्या अंगाला सापडलं. डार्विन खाली उजव्या अंगाला, ऑस्ट्रेलियाच्या अगदी वरच्या टोकाला आहे. दोन्ही गावांवर दोरा ताणून धरला. सरळ जायचं म्हटलं तर हे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर भरतं. पृथ्वीचा पूर्ण घेर ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे पृथ्वीला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वळसा झाला.

पण अ‍ॅमी सरळ गेली नाही. तिच्या विमानाला मध्ये मध्ये उतरून पेट्रोल भरावं लागे. म्हणून जिथे उतरायला जागा आणि पेट्रोल मिळेल त्या गावांवरून तिला जावं लागलं. वाट वाकडीतिकडी झाली आणि अंतर सुमारे १८,००० किलोमीटर झालं. मी त्या गावांवरून दोरा फिरवला तर माझा दोरा पुरला नाही.

बालपण आणि शिक्षण

अ‍ॅमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी हल या गावी झाला. हल हे इंग्लंडमधलं बंदर आहे. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. चार बहिणींत ती थोरली. लहानपणी ती मुलांसारखी क्रिकेट खेळायची. एकदा चेंडू तोंडावर लागून तिचा दात तुटला. पुढे तिने शेफील्ड येथे कॉलेजात अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि पदवी मिळवली. मग ती लंडनला गेली आणि एका वकिलाच्या कचेरीत नोकरीला लागली.

लंडनजवळ स्टॅग लेन नावाचं विमानांचं मैदान होतं. तिथे जाऊन ती १९२८ साली विमान चालवायला शिकू लागली. शिकायला पैसे लागत. तिचा पगार मोठा नव्हता, पण ती त्यातूनच पैसे काढायची. एकटीने विमान उडवायची परवानगी मिळेपर्यंत तिला इतरांपेक्षा जास्त तास शिकावं लागलं. म्हणजे ती काही पहिल्याच दिवशी हुशार नव्हती. पण तिने शिकणं सोडलं नाही. १९२९ साली तिला वैमानिकाचा परवाना मिळाला.

तिथे ती अजून एक गोष्ट शिकली. विमान बिघडलं तर दुरुस्त कसं करायचं, हेही तिने मिस्त्री लोकांत बसून शिकून घेतलं. हात तेलाने काळे व्हायचे. तिथले लोक तिला जॉनी म्हणत. त्याच वर्षी तिने त्याचीही परीक्षा दिली. तो परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली बाई. हे शिकणं तिला पुढे किती उपयोगी पडलं ते आता येईलच.

जेसन विमान

अ‍ॅमीने ऑस्ट्रेलियाला जायचं ठरवलं तेव्हा पुष्कळ लोकांचा विश्वास बसेना. बसणार तरी कसा? तोपर्यंत तिचा एकटीचा सगळ्यात लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता. ते अंतर अडीचशे किलोमीटरसुद्धा नाही. आपल्याकडे मुंबईहून रस्त्याने साताऱ्याला जावं, साधारण तेवढं. एवढंच अंतर उडालेली मुलगी एकदम १८,००० किलोमीटर जायचं म्हणते!

पण तिच्या वडिलांनी तिला पैसे दिले. उरलेले पैसे लॉर्ड वेकफील्ड या तेलाच्या मोठ्या व्यापाऱ्याने दिले. त्यातून तिने एक जुनं विमान विकत घेतलं. त्या जातीच्या विमानाला जिप्सी मॉथ म्हणत. लाकडाची चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेलं कापड, असं ते होतं. पंख एकावर एक दोन मजली होते. बसायची जागा उघडी. वारा, ऊन, पाऊस सगळं अंगावर. हिरव्या रंगाचं होतं. तिच्या वडिलांच्या मासळीच्या धंद्याचा छाप जेसन नावाचा होता. तेच नाव तिने विमानाला दिलं.

विमानात रेडिओ नव्हता. कुठे अडकलं तर कोणाला कळवायची सोय नाही. वाट शोधायला होकायंत्र आणि नकाशे. एक जादा प्रोपेलर, म्हणजे पुढचा फिरणारा पंखा, तिने विमानाच्या अंगाला बांधून घेतला होता. उडता उडता जादा टाकीतलं पेट्रोल हातपंपाने वर चढवावं लागे.

प्रवास सुरू

५ मे १९३० रोजी सकाळी अ‍ॅमी लंडनजवळच्या क्रॉयडन येथून निघाली. त्याच दिवशी आपल्या देशात काय झालं ते गुरुजींनी मला सांगितलं. मिठाचा सत्याग्रह चालू होता आणि त्या दिवशी मध्यरात्रीनंतर गांधीजींना गुजरातमध्ये अटक झाली होती. म्हणजे तो काळ कोणता ते तुमच्या लक्षात येईल.

अ‍ॅमीच्या आधी १९२८ साली बर्ट हिंकलर या वैमानिकाने हा प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. त्याच्यापेक्षा लवकर पोचायचं असं तिने ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी सुमारे दहा तास उडून ती व्हिएन्नाला पोचली. दुसऱ्या दिवशी इस्तंबूल. तिसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून अलेप्पो. डोंगरात ढग आले आणि समोरचं काही दिसेना. कडेला धडकता धडकता ती वाचली. चौथ्या दिवशी बगदादकडे जाताना वाळूचं वादळ आलं. विमान एकदम खाली खाली जाऊ लागलं. तिने ते कसंबसं वाळवंटात उतरवलं. वारा विमान उडवून नेईल म्हणून चाकांना सामानाची उटी लावली आणि शेपटाला धरून बसली. दूर कुत्री भुंकत होती. आजूबाजूला एकही माणूस नाही. वादळ थांबल्यावर ती परत उडाली आणि बगदादला पोचली.

रोज रात्री मुक्कामाला पोचलं की जेवून झोपायचं असं तिचं नव्हतं. आधी इंजिन साफ करायचं, पेट्रोल गाळून भरायचं, मग थोडी झोप. झोप कधी कधी तीनच तास मिळे. पहाटे परत निघायचं. बैलगाडीने लांबच्या बाजाराला जाणारे लोक आधी बैलांना वैरण-पाणी करतात, मग आपण भाकरी खातात. तसंच तिचं होतं.

१० मे रोजी, म्हणजे सहाव्या दिवशी, ती कराचीला पोचली. तेव्हा कराची आपल्याच देशात होती. १९४७ च्या फाळणीनंतर ती पाकिस्तानात गेली. हिंकलरला इंग्लंडहून भारतात यायला आठ दिवस लागले होते. अ‍ॅमी त्याच्या दोन दिवस पुढे होती! आता सगळ्या वर्तमानपत्रांत तिचं नाव येऊ लागलं. निघताना तिला निरोप द्यायला थोडीच माणसं होती. आता सगळं जग तिची वाट बघत होतं.

झाशीचा सुतार

कराचीहून ती अलाहाबादला निघाली. पण समोरून वारा होता. वारा समोरून असला की सायकलसुद्धा पुढे जात नाही, हे आपल्याला माहीत आहेच. पेट्रोल संपत आलं. मग तिला झाशीला उतरावं लागलं. तीच आपल्या राणी लक्ष्मीबाईंची झाशी. तिथे सैनिकांच्या कवायतीचं मैदान होतं. विमान त्या मैदानात उतरलं. सैनिक इकडेतिकडे पळाले. विमान थेट बराकींपर्यंत गेलं आणि पंखाला मार लागला.

आता विमानाचा कारखाना तिथे कुठला? पण विमान लाकडाचं होतं ना! तिथल्या सुताराने तो पंख दुरुस्त करून दिला. हे वाचून मला फार आनंद झाला. माझे आजोबासुद्धा सुतारकाम करतात. मी त्यांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले की लाकूड म्हटलं की आम्हाला सगळं जमतं. त्या सुताराचं नाव पुस्तकात नाही. पण तो नसता तर अ‍ॅमी झाशीतच राहिली असती.

रंगूनची शाळा

झाशीहून अलाहाबाद आणि मग १२ मे रोजी कलकत्ता. तिथून १३ मे रोजी ब्रह्मदेशातलं रंगून. तिकडे जोराचा पाऊस चालू होता. रंगूनचं उतरायचं मैदान तिला पावसात सापडलं नाही. ती चुकून जवळच्या इनसीन येथे एका तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानावर उतरली. विमान पुढे जाऊन नाल्यात पडलं. प्रोपेलर मोडला, चाकं मोडली, पंख फाटला.

मग त्या शाळेतले शिक्षक आणि विद्यार्थी कामाला लागले. मोडलेले भाग त्यांनी शाळेतच नीट केले. बांधून आणलेला जादा प्रोपेलर इथे कामाला आला. पंखाला लावायचं खास कापड मिळेना. तेव्हा कळलं की महायुद्धातून उरलेलं विमानाचं कापड तिथे कोणीतरी आणलं होतं आणि त्याचे शर्ट शिवले होते. मग ते शर्ट उसवून त्यांच्या कापडाने पंख शिवला. विमानाने शर्ट घातला असंच म्हणा!

पण या दुरुस्तीत तीन दिवस गेले. दोन दिवसांची आघाडी संपली. आता हिंकलरच्या आधी पोचणं शक्य नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. पण परत फिरायचं तिच्या मनात आलं नाही. १६ मे रोजी ती पुढे निघाली.

उसाचा मळा आणि समुद्र

बँकॉक, मग सिंगापूर, मग जावा बेट. जावात ती उसाच्या मळ्याशेजारी उतरली. तिथे घर बांधायला बांबू रोवून ठेवले होते. बांबू पंखात घुसून भोकं पडली. ती भोकं तिने जखमेला लावतात त्या चिकटपट्टीने बुजवली. हे वाचून आमच्या वर्गातली सगळी मुलं हसली. पण चिकटपट्टी टिकली.

पुढे तिमोर बेटावर ती ठरल्या जागी पोचली नाही. अंधार पडायला आला म्हणून एका खेड्याजवळ उतरली. तिकडे तार नव्हती. लोकांना वाटलं ती हरवली. इंग्लंडमध्ये तिच्या आईवडिलांना त्या रात्री झोप कशी लागली असेल?

दुसऱ्या दिवशी ती सापडली. आता शेवटचा तुकडा राहिला होता, आणि तो सगळ्यात अवघड होता. तिमोर ते डार्विन सुमारे ८०० किलोमीटर नुसता समुद्र. मुंबई ते नागपूर रस्त्याने जेवढं अंतर आहे, साधारण तेवढं. आणि खाली उतरायला एक शेतसुद्धा नाही. एकच इंजिन. ते बंद पडलं की संपलं. वाटेत समुद्रात एक तेलाचं जहाज दिसलं, तेव्हा तिला धीर आला.

२४ मे १९३० रोजी दुपारी अ‍ॅमी डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस झाले होते. हिंकलरचा विक्रम मोडला नाही. पण लंडन ते ऑस्ट्रेलिया एकटी आलेली पहिली बाई म्हणून लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. तेव्हा ती २६ वर्षांची होती.

माझा हिशेब

मी इथे एक हिशेब केला आहे. गुरुजींनी तपासला आहे.

जेसन विमान तासाला सुमारे १४० किलोमीटर जायचं. १८,००० भागिले १४० केलं की साधारण १२९ तास येतात. १२९ तास म्हणजे साडेपाच दिवससुद्धा नाहीत. मग अ‍ॅमीला साडेएकोणीस दिवस का लागले? बाकीचे चौदा दिवस कुठे गेले?

ते दिवस जमिनीवर गेले. रात्रीचे मुक्काम, इंजिन साफ करणं, पेट्रोल भरणं, वादळ थांबायची वाट बघणं, झाशीचा सुतार, रंगूनची शाळा, जावातली चिकटपट्टी. म्हणजे ती जितका वेळ आकाशात होती त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ जमिनीवर होती. उडता येणं पुरत नाही, दुरुस्तीसुद्धा यावी लागते, आणि मदत करणारी माणसं भेटावी लागतात.

दुसरा हिशेब असा. सोपं जावं म्हणून २० दिवस धरू. १८,००० भागिले २० म्हणजे ९००. अ‍ॅमी दिवसाला सरासरी ९०० किलोमीटर गेली. आजचं मोठं जेट विमान तासाला सुमारे ९०० किलोमीटर जातं. म्हणजे अ‍ॅमीचा एक दिवस तो आजच्या विमानाचा एक तास! २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरापासून लंडनपर्यंत कुठेही न थांबता जाणारं विमान सुरू झालं. ते अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर आहे आणि त्याला सुमारे १७ तास लागले. आतली माणसं जेवतात, झोपतात आणि उतरतात. त्यांना खाली झाशी गेली का रंगून गेलं काही कळत नाही.

पुढचं आयुष्य

अ‍ॅमीला पुष्कळ मानसन्मान मिळाले. एका वर्तमानपत्राने तिला १०,००० पौंड दिले. लंडनला परत आल्यावर तिला बघायला रस्त्यावर प्रचंड गर्दी झाली. पुढे १९३१ साली ती लंडनहून जपानमधल्या टोकियोला गेली. १९३२ साली आफ्रिकेच्या टोकाला केप टाऊनपर्यंत एकटी जाऊन तिने विक्रम केला. त्याच वर्षी तिने जिम मॉलिसन या वैमानिकाशी लग्न केलं. दोघांनी मिळून १९३३ साली अटलांटिक महासागर ओलांडला. पण पुढे १९३८ साली ते वेगळे झाले.

त्याच काळात आपल्या देशातही विमानांची सुरुवात झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपाल घेऊन कराची ते मुंबई विमान चालवत आणलं. तेही छोटंसंच विमान होतं.

शेवट

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. अ‍ॅमीने देशासाठी काम घेतलं. कारखान्यात तयार झालेली विमानं उडवत नेऊन सैन्याच्या तळावर पोचवायची, असं ते काम होतं. पुष्कळ बायका ते काम करायच्या.

५ जानेवारी १९४१ रोजी तिला एक विमान ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळावर न्यायचं होतं. अंतर सुमारे २५० किलोमीटर. फार तर दीड तासाचं काम. पण हवा फार खराब होती. सगळीकडे दाट ढग. खालची जमीन दिसेना. तिची वाट चुकली. चार तासांहून जास्त वेळ गेला. ती ऑक्सफर्डच्या कितीतरी पुढे, थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे गेली. शेवटी हवाई छत्रीने तिने खाली उडी मारली आणि ती थंडगार पाण्यात पडली. जवळ एक जहाज होतं. त्यावरच्या लोकांनी दोर टाकले, पण तिला धरता आले नाहीत. जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी तिला वाचवायला पाण्यात उडी घेतली. थंडीने त्यांचाही जीव गेला. अ‍ॅमीचा मृतदेह कधीच सापडला नाही. तेव्हा ती ३७ वर्षांची होती.

मी परत नकाशा बघितला. लंडन ते हल अडीचशे किलोमीटरच्या आत. ब्लॅकपूल ते ऑक्सफर्ड अडीचशे किलोमीटर. आणि मध्ये ते १८,००० किलोमीटर. वाळवंट, डोंगर, पावसाळा आणि समुद्र ओलांडून जी डार्विनला पोचली, ती दीड तासाच्या वाटेवर गेली. थेम्स म्हणजे लंडनवरून वाहणारी नदी. त्याच लंडनहून ती निघाली होती. हे वाचून मी थोडा वेळ काहीच लिहिलं नाही.

मला काय वाटलं

पूर्वी मला वाटायचं की अंतर म्हणजे नुसता आकडा. तालुका इतके किलोमीटर, मुंबई इतके किलोमीटर. पण अंतर हवेवर असतं, वाऱ्यावर असतं, आणि वाटेत कोण भेटतं त्यावर असतं. छोट्या वाटेलाही छोटी समजू नये. आमच्या गावातले लोक म्हणतात की पावसाळ्यात ओढ्याच्या पलीकडचं गाव लांब होतं. ते मला आता पटलं.

अ‍ॅमीचं जेसन विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलं आहे. मला ते एकदा बघायचं आहे. झाशीच्या सुताराने लावलेला पंख कोणता ते मी तिथे शोधीन. आजोबांना पण घेऊन जाईन. ते नुसता हात लावून सांगतील.

आणि पालकांना एक विनंती आहे. अ‍ॅमीच्या वडिलांनी आपल्या मुलीला नाही म्हटलं नाही. चौथी झाल्यावर आमच्या वर्गातल्या मुलींना पुढच्या शाळेत पाठवताना तुम्ही पण नाही म्हणू नका. ती शाळा तर फक्त तीन किलोमीटर आहे.

लिहिताना काही चुकलं असेल तर माफ करा.

इयत्ता ४ थी